खनिज तेल, युद्धे आणि जालना जिल्ह्याचे अर्थकारण : प्रस्तावना

तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची ओळख आर्थिक भूगोलाच्या पुस्तकांत सहसा तीन गोष्टींवरून करून दिली जाते : जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींतील लोखंडी सळयांचे कारखाने, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिकोपासून विस्तारत गेलेला बियाणे उद्योग, आणि भौगोलिक मानांकन लाभलेली मोसंबी. यांपैकी एकाचाही खनिज तेलाशी वरकरणी संबंध दिसत नाही. जिल्ह्यात तेलाचा साठा नाही, तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, आणि न्हावा-शेवाचे बंदर सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तरीही इराणच्या आखातात किंवा काळ्या समुद्राच्या काठी युद्ध पेटले की काही आठवड्यांतच येथील भट्टीवाल्याच्या, ट्रॅक्टरमालकाच्या आणि बागाईतदाराच्या हिशेबाची जुळवणी बिघडते. हा परिणाम कोणत्या वाटांनी येतो आणि वाटेत त्याचे स्वरूप कसे पालटते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्याविषयीचे एक मत आरंभीच नोंदवणे उचित ठरेल. युद्धभूमी आणि जालन्याची बाजारपेठ यांच्यामध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या कर, अनुदान आणि आयात-निर्यातविषयक निर्णयांचा एक जाड थर आहे, आणि जिल्ह्यापर्यंत जे पोहोचते ते मूळ युद्धाचा धक्का नसून बहुतेक वेळा या थरातून गाळून आलेले, कधी सौम्य झालेले तर कधी भलत्याच दिशेला वळलेले त्याचे रूप असते.

प्रथम काही संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. खनिज तेलाचा जागतिक भाव पिंपामागे डॉलरमध्ये सांगितला जातो. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते, आणि उत्तर समुद्रातील ब्रेंट या जातीच्या तेलाचा भाव जगातील बहुतेक सौद्यांना आधारभूत मानला जातो. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करत असल्यामुळे येथील इंधनाचा मूळ खर्च ब्रेंटच्या भावावर जितका, तितकाच रुपयाच्या विनिमय दरावर अवलंबून असतो. आणि अस्थिरतेच्या काळात जगभरचे भांडवल डॉलरकडे वळत असल्याने तेल महागणे आणि रुपया घसरणे या दोन्ही आपत्ती बहुधा जोडीने येतात. इराण आणि ओमान यांच्यामधील होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जगाच्या तेलवापराच्या सुमारे एक पंचमांश इतके तेल जाते, आणि भारताला लागणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा पुरवठादार असलेल्या कतारची जहाजेही तेथूनच बाहेर पडतात. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात १२ दिवस चाललेल्या युद्धात ही वाट बंद झाली नाही, परंतु ती बंद होईल या नुसत्या धास्तीने भाव चढले आणि युद्धविराम होताच खाली आले. बाजार घटनेइतकाच तिच्या शक्यतेवरही चालतो, हे या विषयाच्या अभ्यासकाला सतत ध्यानात ठेवावे लागते.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, आणि जून २०१७ पासून ते रोजच्या रोज बदलू लागले. म्हणजे कागदोपत्री जालन्याच्या पंपावरील दर जागतिक भावाचे अनुसरण करतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. २०१४ ते २०१६ या काळात कच्चे तेल कोसळले तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, आणि २०१४ च्या आरंभी डिझेलवर लिटरमागे ३.५६ रुपये असलेले हे शुल्क मे २०२० मध्ये ३१.८३ रुपयांपर्यंत गेले, ज्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळाच. स्वस्त तेलाचा लाभ अशा रीतीने तिजोरीत राहिला. याच्या उलट, ४ नोव्हेंबर २०२१ पासून सलग १३७ दिवस, ज्या काळात पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका पार पडल्या, पंपावरील दर जागचे हलले नाहीत, जरी २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ब्रेंटने मार्चमध्ये १३० डॉलरची पातळी ओलांडली होती. मतमोजणीनंतर, २२ मार्च ते ६ एप्रिल या पंधरवड्यात, दर लिटरमागे १० रुपयांनी वाढले. युद्धाचा दिनांक आणि जालन्यातील दरवाढीचा दिनांक यांत पडलेले हे अंतर अर्थशास्त्राच्या कोणत्याही समीकरणातून निघत नाही.

या मध्यस्थ थराचे सर्वांत बोलके उदाहरण मे २०२२ मधील चार दिवसांचे आहे. महागाई आवरण्यासाठी २१ मे रोजी केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि डिझेलवरील ६ रुपयांनी कमी केले. त्याच निर्णयसंचात पोलादाच्या अनेक प्रकारांवर, त्यात सळयांवरही, १५ टक्के निर्यात शुल्क बसवले. आणि २४ मे रोजी कच्चे सोयाबीन तेल व कच्चे सूर्यफूल तेल यांच्या प्रत्येकी २० लाख टनांच्या वार्षिक आयातीला दोन वर्षांसाठी शुल्कमाफी दिली, कारण सूर्यफूल तेलाचा मोठा पुरवठादार असलेल्या युक्रेनची बंदरे बंद पडली होती. दिल्लीहून पाहता हे तिन्ही निर्णय एकाच उद्देशाचे होते आणि शहरी ग्राहकाच्या दृष्टीने ते समर्थनीयही ठरतात. जालन्याहून पाहता मात्र त्यांची फळे एकमेकांच्या विरुद्ध होती. डिझेल स्वस्त झाल्याने मालवाहतूकदाराला आणि ट्रॅक्टरमालकाला दिलासा मिळाला. निर्यातीचा मार्ग महागल्याने मोठ्या पोलाद कंपन्यांचा माल देशांतर्गत बाजारात राहिला, पोलादाचे भाव झपाट्याने उतरले आणि चढ्या दराने भंगार घेऊन बसलेल्या येथील कारखानदारांच्या साठ्याचे मूल्य घटले. आणि खरिपाची पेरणी तोंडावर असताना सोयाबीन उत्पादकाला आगामी हंगामाच्या भावाची काळजी लागली. पोलादावरील शुल्क १९ नोव्हेंबर २०२२ पासून उठवले गेले, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य उद्योगाने अर्धे वर्ष अशा निर्णयाच्या छायेत काढले, ज्याच्या मुळाशी हजारो किलोमीटरवरचे युद्ध होते पण ज्याचा मसुदा नवी दिल्लीत लिहिला गेला होता.

हा उद्योग अशा धक्क्यांना इतका संवेदनशील का आहे, हे समजण्यासाठी त्याची घडण पाहावी लागते. जालन्यातील कारखाने खनिजापासून पोलाद बनवत नाहीत. ते भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे लोहखनिजातील प्राणवायू काढून मिळवलेले सच्छिद्र लोखंड, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, त्याचे बिलेट नावाचे चौकोनी ओंडके ओततात आणि ते रोलिंग मिलमध्ये लाटून बांधकामाच्या सळया काढतात. एक टन लोखंड वितळवण्यासाठी साधारण सहाशे ते सातशे युनिट वीज लागत असल्यामुळे कच्च्या मालाखालोखाल विजेचे बिल हाच येथील सर्वांत मोठा खर्च असतो. ही वीज प्रामुख्याने कोळशापासून बनते, तेलापासून नव्हे, आणि म्हणून तेलाच्या भडक्यापासून हा उद्योग सुरक्षित असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु युद्धकाळात वायू महागला की जगातील वीजकेंद्रे कोळशाकडे वळतात, आयात कोळसा महागतो, आणि वीजनिर्मितीच्या इंधनखर्चातील वाढ इंधन समायोजन आकार या नावाने ग्राहकाच्या बिलात येऊन बसते. विदर्भ आणि मराठवाड्यातील उद्योगांना राज्य सरकार देत असलेल्या वीजदर सवलतीवर म्हणूनच येथे जितकी चर्चा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. ती सवलत हा येथील स्पर्धाशक्तीचा पाया आहे, आणि जो पाया दरवेळी मंत्रिमंडळाच्या मर्जीवर टिकतो त्याला पाया म्हणावे का, हा प्रश्न कारखानदारांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

भंगाराची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याचा एक भाग परदेशांतून कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवा बंदरात उतरतो आणि तेथून रस्त्याने किंवा रेल्वेने जालन्यास येतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हौथी सैन्याने तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर युरोपाकडून येणारी जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालू लागली, प्रवासाचे दहा ते चौदा दिवस वाढले, आणि वाहतूक व विमा या दोन्हींचे दर चढले. या काळात कच्चे तेल फारसे महागले नव्हते. संघर्षाचा परिणाम केवळ तेलाच्या भावातूनच मोजणाऱ्या अभ्यासाच्या हाती ही वाढ लागणारच नाही. बंदरापासूनच्या अंतराचा भार हलका करण्यासाठी जालन्याजवळ ड्रायपोर्ट, म्हणजे बंदरातील सीमाशुल्काची आणि कंटेनर हाताळणीची कामे देशाच्या अंतर्भागातच उरकणारे केंद्र, उभारण्याचे ठरले आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. त्याच जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग त्यानंतर बांधला जाऊन जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला, यावरून कोणत्या कामाला किती गती मिळाली याचा अंदाज वाचकाला बांधता येईल.

शेतीच्या बाबतीत तेलाचा शिरकाव अधिक खोलवरचा आणि कमी दिसणारा आहे. कापूस आणि सोयाबीन ही जिल्ह्याची मुख्य खरीप पिके असून दोन्हींना रासायनिक खत लागते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि त्याची ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला कित्येक वर्षे २६६ रुपये ५० पैशांनाच मिळत आली आहे, वायूचा भाव काहीही असो. फरकाची भरपाई केंद्र करते. स्फुरद आणि पालाश यांच्या खतांना मात्र पोषणमूल्यावर आधारित ठरावीक अनुदान मिळते, म्हणजे जागतिक भाव वाढल्यावर अनुदान वाढवण्याचा वेगळा निर्णय होईपर्यंत गोणीची किंमत चढत राहते. डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या बाबतीत तो निर्णय झाला, आणि ५० किलोंची गोणी १,३५० रुपयांवर रोखली गेली. पालाशच्या बाबतीत तसे घडले नाही : रशिया आणि बेलारूस या दोन मोठ्या पुरवठादारांवर निर्बंध आल्यावर २०२२ मध्ये म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी १,७०० रुपयांपर्यंत गेली, आणि फळांच्या गोडीसाठी व आकारासाठी पालाशवर भिस्त ठेवणाऱ्या मोसंबी व द्राक्ष बागाईतदारांना त्याची झळ लागली. शिवाय नियंत्रित किंमत म्हणजे उपलब्धता नव्हे. आयात परवडेनाशी झाली की कंपन्या कमी माल आणतात, ऐन पेरणीत डीएपी दिसेनासे होते, आणि जे मिळते त्याच्यासोबत नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्ये किंवा द्रवरूप खते माथी मारली जातात. कृषी सेवा केंद्रांच्या दारात लिंकिंग या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार बेकायदेशीर असून दर हंगामात त्याच्या तक्रारी होतात. सरकारी महागाई निर्देशांकात या खर्चाचा मागमूस नसतो.

डिझेलचा भार याखेरीजचा. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी आणि मळणी ही सारी कामे आता यंत्रावर होतात, कारण बैलजोडी बाळगणे लहान शेतकऱ्यास परवडेनासे झाले आहे; आणि एकरी भाडे एकदा वाढले की डिझेल उतरल्यावर ते खाली येताना दिसत नाही. याहून कमी चर्चिला गेलेला भाग प्लास्टिकचा आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९० च्या दशकात सुरू झालेल्या पाणलोट कामामुळे आणि त्यानंतरच्या द्राक्षशेतीमुळे राज्यभर ओळखले जाते. अवर्षणप्रवण मुलखात पाणी अडवून, शेततळ्यांत साठवून आणि थेंबाथेंबाने वापरून समृद्धी आणता येते याचा तो पुरावा मानला जातो, आणि ते यथार्थ आहे. तथापि शेततळ्याचे अस्तर, ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा कागद ही सगळी सामग्री खनिज तेलापासून किंवा वायूपासून बनलेल्या पॉलिमरची असते. पावसावरील अवलंबित्व कमी करणारे तंत्र दुसऱ्या एका परावलंबनातून उभे राहिले आहे. म्हणून ते त्याज्य ठरत नाही. परंतु दुष्काळनिवारणाच्या योजनांचा खर्च मांडताना पॉलिमरच्या भावातील चढउतार विचारात घेतला पाहिजे.

मोसंबीचे अर्थकारण या साऱ्यांत सर्वांत उघडे आहे. आंबिया आणि मृग अशा दोन बहारांत येणारे हे फळ मोठ्या प्रमाणावर दिल्लीसह उत्तरेतील बाजारांत जाते, ट्रकचे भाडे व्यापारी आधी धरतो आणि उरलेल्या रकमेतून बागेचा सौदा ठरवतो. कारखानदार वाढलेल्या खर्चाचा काही भाग सळईच्या दरात टाकू शकतो, ट्रॅक्टरमालक भाडे वाढवू शकतो. नाशवंत फळ तोडून बसलेल्या बागाईतदाराला हा खर्च पुढे सरकवण्यासाठी कोणी उरलेला नसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात हे विशेष प्रखरपणे दिसले. त्या वर्षी जिल्ह्यातील बागा टँकरच्या पाण्यावर जगवण्याची धडपड चालू असतानाच, जानेवारी २०१३ पासून, डिझेलचा दर दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवत नेण्याचे केंद्राने ठरवले. अनुदानाचा बोजा कमी करणारा तो निर्णय वित्तीय शिस्तीच्या दृष्टीने योग्य होता, असे अर्थतज्ज्ञांचे साधारण मत आहे. टँकर लावणाऱ्यास तो कसा वाटला असेल हे निराळे. अनेक बागा अखेर वाळल्या, आणि मोसंबीचे नवे झाड धरते होण्यास चार ते पाच वर्षे लागतात.

परिणाम सगळेच प्रतिकूल असतात असे मात्र नाही. पॉलिएस्टर हा कापसाचा प्रतिस्पर्धी धागा खनिज तेलापासून बनत असल्याने तेल महागले की कापसाला काहीसा आधार मिळतो, आणि २०२२ मध्ये कापसाने हमीभावाहून कितीतरी वरचा भाव पाहिला, जरी त्यास देशातील घटलेले उत्पादनही कारणीभूत होते. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतील मक्याचे तेलाशी नाते तर अलीकडेच जुळले आहे. तेलाची आयात घटवण्यासाठी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर मर्यादा घातल्या गेल्या, मागणी मक्याकडे वळली आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या धान्याला इंधन म्हणून गिऱ्हाईक मिळाले. त्याच निर्णयाने अंबड आणि घनसावंगीकडील ऊस उत्पादकांची निराशा केली. एकाच जिल्ह्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस एका अधिसूचनेचे असे दोन अर्थ लागतात.

संघर्षाशी या भूमीचा संबंध जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यात जेथे निर्णायक लढाई झाली ते असई गाव आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात शेजारच्या वऱ्हाडात कापसाचे भाव भडकवले आणि युद्ध संपताच ते कोसळवले. निजामी राजवटीच्या अखेरच्या महिन्यांत, भारत सरकारच्या आर्थिक नाकेबंदीमुळे, पेट्रोलसह अनेक वस्तूंची टंचाई हैदराबाद संस्थानाने अनुभवली, आणि संस्थानाचा भाग असलेला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र सावरत असतानाच ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर उद्भवलेल्या परकीय चलनाच्या टंचाईने तर भारताचे धोरणच बदलले : १९९१-९२ मध्ये पोलादावरील परवाना आणि किंमत नियंत्रण उठले, आणि जालन्यासारख्या खाणींपासून दूर असलेल्या गावातील खासगी भट्ट्यांना वाढण्यास मोकळीक मिळाली. जालन्याच्या सळई उद्योगाच्या भरभराटीचा एक धागा अशा रीतीने कुवेतच्या आक्रमणापर्यंत जातो, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल.

जिल्ह्यातील अलीकडच्या सामाजिक संघर्षाचा उल्लेख येथे टाळणे योग्य होणार नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी येथे झालेल्या लाठीमारानंतर मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने उग्र वळण घेतले, आणि त्या काळात एसटीची सेवा व बाजारपेठा काही दिवस बंद राहिल्या. शेतीच्या मिळकतीतील अनिश्चितता ही त्या असंतोषाच्या पार्श्वभूमीचा भाग आहे, परंतु त्याची मुळे तेलाच्या भावात शोधणे हा ओढूनताणून जोडलेला संबंध ठरेल.

स्वस्त तेल म्हणजे समृद्धी हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे जगाची मागणी आटली असताना, अमेरिकेतील वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली गेला. ५ मे रोजी केंद्राने डिझेलवरील शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. ८ मेच्या पहाटे, जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे आणि रुळांवरून पायी मध्य प्रदेशाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली ठार झाले. तेल इतके स्वस्त असताना या मजुरांना गावी नेणारे वाहन मिळाले नव्हते.

या सर्व विवेचनातून जिल्ह्याच्या भवितव्याविषयी एक ठाम विधान करता येते. युद्धे थांबवणे किंवा होर्मुझची वाट मोकळी ठेवणे जालन्याच्या हाती नाही. मधल्या थरातील निर्णयांवर प्रभाव पाडणे मात्र काही प्रमाणात आहे, आणि तो प्रभाव आजवर संघटित असलेल्या पोलाद उद्योगानेच वापरला आहे. वीजदराच्या सवलतीसाठी शिष्टमंडळे मुंबईला जातात. पालाशच्या गोणीसाठी किंवा मोसंबीच्या रेल्वे वाहतुकीसाठी त्या ताकदीने कोणी गेल्याचे दिसत नाही. विहिरीवरचा पंप सौर ऊर्जेवर नेण्याच्या योजना उपयुक्त आहेत आणि त्यांना गती मिळावी, पण त्यांनी बागाईतदाराच्या खर्चाचा लहानसा भागच सुटतो. खत, पॉलिमर आणि दिल्लीपर्यंतचे भाडे हा मोठा भाग जिथल्या तिथे राहतो. जिल्हा नियोजन समिती, बाजार समित्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी हा मोठा भाग आपल्या कामकाजाच्या केंद्रस्थानी आणावा, आणि त्यासाठी लागणारी जिल्हापातळीवरील आकडेवारी तालुकानिहाय व हंगामनिहाय नियमित प्रसिद्ध करावी, अशी विनंती या ग्रंथाच्या निमित्ताने त्यांना करावीशी वाटते.